आरोची खेडी : नायजेरियातील एका मनोरुग्णसेवेचे प्रकरण

१९५४ साली नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, आबेओकुटा शहराच्या वेशीबाहेर आरो या ठिकाणी सरकारी मनोरुग्णालयाचे बांधकाम चालू होते. इमारती पुऱ्या झाल्या नव्हत्या, खाटा लागल्या नव्हत्या, आणि रुग्णांना मात्र आणले जात होते. रुग्णालयाची सूत्रे हाती आलेले डॉ. थॉमस अडेओये लाम्बो तेव्हा अवघ्या ३१ वर्षांचे होते. त्यांचा जन्म आबेओकुटातलाच. वैद्यकाचे शिक्षण बर्मिंगहॅमला आणि मनोविकारशास्त्राचे लंडनला झालेले. बांधकाम संपण्याची वाट न पाहता त्यांनी भोवतालच्या चार खेड्यांतील वडीलधाऱ्यांची भेट घेतली आणि रुग्णांना भाड्याने खोल्या द्याल का, असे विचारले. खेडी तयार झाली. रुग्ण सकाळी रुग्णालयात यायचे, उपचार घ्यायचे आणि दुपारनंतर खेड्यातल्या आपल्या बिऱ्हाडी परतायचे.

आफ्रिकेतील पारंपरिक उपचारकांना आरोग्यसेवेत कोणते स्थान असावे, या प्रश्नाची चर्चा गेली सत्तर वर्षे या खेड्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याचे कारण असे की आरोला हा प्रश्न तत्त्वचर्चा म्हणून आला नाही. रुग्ण आधीच त्या उपचारकांकडे जाऊन आलेले असत आणि रुग्णालयातून सुटल्यावर पुन्हा तिकडेच जाणार असत. डॉक्टरांनी त्यांना मान द्यावा की देऊ नये, यापेक्षा रुग्णाच्या आयुष्यात ते आहेतच हे गृहीत धरून सेवा कशी उभारायची, हा लाम्बोंपुढचा पेच होता.

या प्रयोगाचे वेगळेपण कळण्यासाठी आधीची स्थिती पाहावी लागते. ब्रिटिश राजवटीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कालाबार आणि लागोसजवळील याबा येथे वेड्यांसाठी आश्रम काढले होते. नाव आश्रमाचे असले तरी काम कोंडून ठेवण्याचे होते. बरे करण्याची अपेक्षाही फारशी नव्हती. आबेओकुटात लांतोरो येथे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या आजारी सैनिकांसाठी जी सोय झाली, ती जुन्या तुरुंगाच्या इमारतीत. याच्या जोडीला एक सिद्धान्तही होता. केनियात काम केलेले ब्रिटिश डॉक्टर जे. सी. कॅरोदर्स यांनी १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात आफ्रिकी माणसाच्या मनाची तुलना मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय माणसाशी केली होती. लाम्बोंसारख्या तरुण आफ्रिकी डॉक्टरला हे वाचून काय वाटले असेल, हे सांगण्याची गरज नाही. त्यांनी पुढच्या काही वर्षांत जे लिखाण केले त्याचा मोठा भाग याच मताच्या खंडनात गेला, आणि आरोची खेडी हे त्या खंडनाचे प्रत्यक्ष रूप होते, असे मी मानतो.

खेड्यांतील व्यवस्थेचा पाया एका अटीवर उभा होता. रुग्णाबरोबर किमान एक नातेवाईक राहिलाच पाहिजे. बहुधा आई, बहीण, भाऊ किंवा मावशी-आत्या यांपैकी कोणीतरी येई. रुग्णासाठी स्वयंपाक करणे, कपडे धुणे, त्याला सकाळी रुग्णालयात नेणे आणि परत आणणे ही कामे त्या व्यक्तीकडे असत. युरोपीय पद्धतीच्या मनोरुग्णालयात प्रवेश म्हणजे घरच्यांपासून ताटातूट. आरोला प्रवेश म्हणजे घरातले एक माणूस बरोबर घेऊन येणे. या अटीचा फायदा दुहेरी होता. रुग्ण एकाकी पडत नसे, आणि बरोबर आलेल्या नातेवाइकाला आजार जवळून पाहता येई. माणूस हळूहळू ताळ्यावर येतो, पुन्हा बिघडतो, औषध थांबवले की काय होते, हे त्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असे. गावी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावण्याचे काम तीच करणार होती.

खेड्यांनाही यातून काही मिळाले. खोल्यांचे भाडे मिळू लागले, घरे वाढवण्यासाठी रुग्णालयाने गावकऱ्यांना कर्जे दिली, काहींना रुग्णालयात नोकऱ्या मिळाल्या. नळाचे पाणी, संडास आणि डासांचा बंदोबस्त ही कामेही त्याच ओघात झाली. हा तपशील प्रयोगाच्या कौतुकात सहसा मागे पडतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘आफ्रिकी खेडे मुळातच वेड्या माणसाला सामावून घेते’ अशी एक गोड समजूत या प्रकरणाभोवती तयार झाली आहे. गावकऱ्यांची सहिष्णुता खरीच होती, पण तिच्यामागे सोयीसुविधांचा आणि भाड्याचा रोकडा व्यवहारही होता, आणि लाम्बोंनी तो उघडपणे केला. परक्या गावातील, कधी ओरडणाऱ्या, कधी रात्री भटकणाऱ्या माणसाला घरात घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळणे हे न्यायाचेच होते.

रुग्णालयातील उपचार त्या काळातील आधुनिक वैद्यकाचेच होते. विजेचे झटके दिले जात, इन्सुलिनचा वापर होई, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारांसाठी प्रथम वापरले गेलेले क्लोरप्रोमाझिन हे औषध लवकरच नायजेरियातही आले. संध्याकाळचे जीवन मात्र खेड्याचे होते. शेतीतली लहानसहान कामे, बाजार, नाच, सणवार, आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी देवाधर्माचे विधी हे सगळे चालूच राहिले. या संध्याकाळच्या जगात लाम्बोंनी पारंपरिक उपचारकांना जागा दिली.

नायजेरियाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले सुमारे बारा उपचारक या कामाशी जोडले गेले. त्यांच्यासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा, याचा मी बराच विचार केला. ‘मांत्रिक’ म्हटले की आपल्यासमोर लिंबू आणि बाहुली येते, ‘वैद्य’ म्हटले की काढे आणि नाडीपरीक्षा. आबेओकुटाच्या भागातील योरुबा समाजात मुळात दोन वेगळे शब्द आहेत. झाडपाला, मुळ्या आणि साली यांनी उपचार करणारा तो ओनिशेगुन. इफा या दैवी ज्ञानपरंपरेचा जाणकार तो बाबालावो, म्हणजे ‘गुपितांचा पिता’. बाबालावोचे शिक्षण अनेक वर्षांचे असते. तो सोळा ताडफळांच्या बिया हातात खेळवून किंवा साखळी टाकून २५६ संकेतांपैकी एक काढतो, आणि त्या संकेताखाली मुखोद्गत असलेली पद्ये म्हणू लागतो. ऐकणारा माणूस त्या पद्यांतून आपली गोष्ट ओळखतो आणि मग बोलू लागतो. व्यवहारात एकच व्यक्ती या दोन्ही भूमिका थोड्याफार प्रमाणात निभावताना दिसते.

योरुबा कुटुंबाला आजाराबद्दल दोन प्रश्न पडतात, आणि ते एकमेकांत विरघळत नाहीत. हा आजार कसा झाला, हा पहिला. तो यालाच का आणि आत्ताच का झाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ताप, गांजा, रक्तातला दोष किंवा घराण्यातून आलेला आजार असे काहीही असू शकते. दुसऱ्याचे उत्तर एखाद्या हितशत्रूच्या करणीत, मोडलेल्या वचनात किंवा दुखावलेल्या पूर्वजात शोधले जाते. डॉक्टर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतो. दुसरा प्रश्न घरातल्यांच्या मनात तसाच उरतो, आणि तो उरला तर उपचार अपुरा राहिला अशी भावनाही उरते. लाम्बोंना हे जाणवले याचे श्रेय त्यांच्या शिक्षणापेक्षा त्यांच्या जन्माला जास्त जाते. आबेओकुटात वाढलेल्या माणसाला ही दुसरी बाजू पुस्तकातून शिकावी लागत नाही.

या बारा जणांनी नेमके काय केले, हे काटेकोरपणे सांगायला हवे, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. औषधे, विजेचे झटके आणि निदान ही रुग्णालयाची कामे डॉक्टरांच्याच हाती राहिली. उपचारकांनी खेड्यातील सामूहिक कार्यक्रम चालवले, रुग्ण आणि नातेवाइकांशी त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या कल्पनांतून संवाद साधला, आणि पाहणीच्या कामात वाटाड्यांची भूमिका बजावली. १९६१ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अलेक्झांडर लेटन यांच्यासह लाम्बोंनी योरुबा भागातील मानसिक आजारांची मोठी पाहणी केली. मानसिक आजारांची स्थानिक नावे कोणती, गावात कोणाला वेडे म्हणतात आणि कोणाला नुसते विक्षिप्त, या गोष्टी कळण्यासाठी उपचारकांचे साहाय्य मोलाचे ठरले. त्याच वर्षी आबेओकुटात पहिली अखिल आफ्रिकी मनोविकार परिषद भरली.

अशा रचनेला समान भागीदारी म्हणता येणार नाही. उपचारकांच्या ज्ञानाचा उपयोग झाला, त्यांचा समाजातील मान वापरला गेला, परंतु निर्णयाचा अधिकार त्यांना मिळाला नाही. काही अभ्यासकांना यात वसाहतवादाचाच अवशेष दिसतो. मला तसे वाटत नाही. तीव्र मनोविकाराने आजारी, स्वतःचे भले-बुरे न समजणाऱ्या माणसाची जबाबदारी कोणावर, याचे स्पष्ट उत्तर सेवेकडे असले पाहिजे, आणि आरोने ते दिले होते. रुग्ण दगावला, पळून गेला किंवा कोणी त्याला मारहाण केली, तर उत्तर रुग्णालयाला द्यावे लागे. पारंपरिक उपचारकांना आरोग्यव्यवस्थेत घेण्याच्या ज्या योजना नंतर निघाल्या, त्यांपैकी पुष्कळांत सन्मानाची भाषा भरपूर असते आणि जबाबदारीचा धागा सापडत नाही. लाम्बोंचे उत्तराधिकारी डॉ. टोलानी असुनी या बाबतीत लाम्बोंपेक्षाही सावध होते. पारंपरिक उपचारांना सरकारी सेवेत सरसकट मिसळण्याविषयी त्यांनी गंभीर शंका मांडल्या.

या सावधपणाचे एक ठोस कारण एका मुळीत सापडते. योरुबा उपचारक वेडाच्या तीव्र अवस्थेत ‘असोफेयेजे’ या झाडाची मुळी देत असत; पक्ष्यांना खाण्यासाठी फळे धरणारे झाड, असा या नावाचा अर्थ. वनस्पतिशास्त्रात ते रौवोल्फिया व्होमिटोरिया, म्हणजे आपल्या सर्पगंधेच्याच कुळातले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आरोला काम केलेले कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ रेमंड प्रिन्स यांनी उपचारकांच्या पद्धतींचा बारकाईने अभ्यास केला आणि या मुळीच्या वापराची नोंद केली. मुळी घेतल्यावर उसळलेला रुग्ण शांत होत असे, झोपत असे, आणि त्यामागे मंत्राचा प्रभाव शोधण्याची गरज नव्हती.

इथे या प्रकरणाचा एक धागा मुंबईशी जुळतो. भारतात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेचा रक्तदाब आणि वेड या दोन्हींवरील उपयोग प्रसिद्ध केला होता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांचा सर्पगंधा आणि वाढलेला रक्तदाब यांवरील लेख १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात आला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. पुढची काही वर्षे जगभरच्या मनोरुग्णालयांत रेसर्पिन दिले गेले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लॅस्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे आबेओकुटातील उपचारक जी मुळी पिढ्यान्‌पिढ्या देत होते आणि मुंबईतील डॉक्टर जिचा अभ्यास करत होते, त्या एकाच कुळातल्या आणि एकाच द्रव्याच्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

तथापि रेसर्पिनची गोष्ट इथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे द्रव्य रक्तदाब खूप खाली आणू शकते, आणि काही रुग्णांत त्याने खिन्नता येते असे आढळल्याने डॉक्टर त्याच्या मात्रेबाबत जागरूक झाले. मुळीतल्या द्रव्याचे प्रमाण झाडागणिक आणि मोसमागणिक बदलते. त्यामुळे मुळीचा काढा देणाऱ्याला नेमकी मात्रा कळण्याचा मार्ग नसतो. मुळी खरोखर काम करते, म्हणूनच ती चुकीच्या प्रमाणात घातकही ठरते. ‘नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी’ आणि ‘गावठी आहे म्हणून निरुपयोगी’ ही दोन्ही विधाने एकाच मुळीने खोटी ठरवली आहेत.

दुसरा धोका मुळीपेक्षा मोठा आहे. उपचारकांच्या केंद्रांत रुग्णाला साखळदंडाने ओंडक्याला बांधणे, उपाशी ठेवणे, भूत उतरवण्यासाठी चाबकाने मारणे असे प्रकार होत असत आणि आजही होतात. २०१९ साली ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने नायजेरियाच्या आठ राज्यांत आणि राजधानीच्या प्रदेशात मिळून २८ ठिकाणी केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत पारंपरिक केंद्रांबरोबर ख्रिस्ती आणि मुस्लिम धार्मिक केंद्रे होती, आणि सरकारी रुग्णालयेही होती. माणसाला साखळीत ठेवण्याचा दोष एकट्या परंपरेच्या माथी मारता येत नाही. पण परंपरेच्या आदराखाली तो झाकताही येत नाही, आणि या प्रश्नावर मध्यम मार्ग असू शकतो असे मला वाटत नाही. साखळी आधी सुटली पाहिजे. सहकार्याची बोलणी त्यानंतर.

आरोचा परिणाम किती होता, याचे मोजमाप अवघड आहे. गावातले रुग्ण लवकर सुधारतात आणि खर्च कमी येतो, असे लाम्बो सातत्याने मांडत राहिले. परंतु चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडणारी, आजच्या अर्थाची चाचणी तेव्हा झाली नाही. पुढे एक अप्रत्यक्ष पुरावा मात्र मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत सुरू केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पाहणीत नायजेरियातील इबादान आणि भारतातील आग्रा या केंद्रांतील रुग्ण दोन वर्षांनंतर लंडन, मॉस्को किंवा वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा सरासरीने बऱ्या स्थितीत आढळले. या निष्कर्षावर अजून वाद आहे, आणि त्याचे श्रेय उपचारकांना द्यावे, कुटुंबाला द्यावे की आजाराच्या वेगळ्या स्वरूपाला, हे त्यातून ठरत नाही. माझा कौल कुटुंबाच्या बाजूने आहे. आरोच्या खेड्यांतही सर्वांत जास्त काम केले ते बरोबर आलेल्या आईने किंवा बहिणीने, आणि तिचे नाव कोणत्याही अहवालात नाही.

आरोसारखे विचार आफ्रिकेत इतरत्रही चालू होते. सुदानमध्ये तिगानी एल माही धार्मिक उपचारकांशी संवाद राखून होते. सेनेगलमधील डाकारच्या फान रुग्णालयात आँरी कोलोंब यांनी नातेवाइकाला रुग्णाबरोबर वॉर्डात राहू दिले. लाम्बो इबादान विद्यापीठात गेले, तिथे कुलगुरू झाले, आणि १९७०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्माआता येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेतील मनुष्यबळाची यादी करताना गरजेनुसार पारंपरिक उपचारकांचाही समावेश झाला, तेव्हा ते त्याच पदावर होते. आरोचा ठसा त्या शब्दांवर आहे, असे मानायला जागा आहे. खुद्द खेड्यांची व्यवस्था मात्र काळाबरोबर ओसरत गेली. गोळ्या घेऊन घरी राहता येऊ लागले, तशी आठवडेच्या आठवडे खेड्यात राहण्याची निकड कमी झाली. शहरात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला तितके दिवस रजा मिळणेही कठीण होत गेले. रुग्णालय मात्र आजही आरोला आहे.

लाम्बोंना जी चाचणी घेता आली नाही, ती त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी सुरू झाली. इबादानचे मनोविकारतज्ज्ञ प्रा. ओये गुरेजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये नायजेरियातील इबादान आणि घानातील कुमासी या भागांत पारंपरिक आणि धार्मिक उपचारकांची ५१ केंद्रे घेऊन, चिठ्ठी टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटात प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी उपचारकाच्या केंद्रावर ठरलेल्या भेटी देत, तिथल्या रुग्णाला मनोविकाराची औषधे देत, आणि उपचारकाशी मिळून उपचार चालवत; उपचारक आपले विधी आणि प्रार्थना करतच राहिला. दुसऱ्या गटात उपचारकाचा नेहमीचा उपचार चालू राहिला. तीव्र मनोविकाराचे ३०७ रुग्ण होते. लक्षणांच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर, जिच्यात कमी गुण म्हणजे कमी त्रास, सुरुवातीला दोन्ही गट १०८च्या आसपास होते. सहा महिन्यांनी सहकार्याच्या गटाची सरासरी ५३.४ आणि दुसऱ्या गटाची ६७.६ भरली. हा निष्कर्ष २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच चाचणीतील दुसरा आकडा मला जास्त विचार करायला लावतो. बांधणे, उपाशी ठेवणे, मारणे यांसारखे अपायकारक प्रकार सहकार्याच्या गटात सुरुवातीला ५७ टक्के रुग्णांच्या बाबतीत होत होते, ते सहा महिन्यांनी ९ टक्क्यांवर आले. पण दुसऱ्या गटातही ते ४२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. म्हणजे औषध देणारा कर्मचारी नसतानाही साखळ्या सुटल्या. रुग्णाची तीव्र अवस्था ओसरल्यावर त्याला बांधण्याची गरज उपचारकाला वाटेनाशी होते, हे एक स्पष्टीकरण असू शकते. बाहेरचे कोणी येऊन पाहणार आणि लिहून घेणार आहे, याची जाणीव हे दुसरे. मला दुसरे अधिक पटते, कारण आरोच्या खेड्यांतही हीच गोष्ट होती. दररोज सकाळी रुग्ण रुग्णालयात जात असे, आणि त्याच्या अंगावर वळ असतील तर ते परिचारिकेच्या नजरेस पडत.

जानेवारी २०२३ मध्ये नायजेरियात नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला आणि वसाहतकाळातील वेडेपणाचा कायदा अखेर मागे पडला. इबादानच्या चाचणीत उपचारकाच्या दारी जाणारा कर्मचारी संशोधन प्रकल्पाच्या आखणीनुसार जात होता. चाचणी संपल्यावर ही फेरी चालू ठेवायची, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रोजच्या कामात लिहिली जावी लागेल, आणि तिच्यासाठी औषधांचा साठा आणि गाडीभाडे सरकारी खर्चातून निघावे लागेल.